उत्तर बरोबर, रीत वेगळी: फुली मारायची का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवता. नोकरीचं तिसरं वर्ष, वर्गात ३४ मुलं. एका मुलाने चाचणीत वजाबाकीची सगळी उत्तरं बरोबर काढली, पण तुम्ही शिकवलेल्या रीतीने नाही. ५२ वजा २७ करताना त्याने आधी ५० मधून २० काढून ३० लिहिले, मग २ मधून ७ जात नाहीत म्हणून बाजूला 'पाच कमी' असं लिहिलं, आणि ३० मधून ५ काढून २५ उत्तर दिलं. दशक सुटा केलेला नाही, म्हणजे एक दशक मोडून दहा सुटे घेतलेले नाहीत, म्हणून तुम्ही फुली मारलीत. तेव्हापासून तो वर्गात बोलेनासा झालाय. त्याची आई आठवडे बाजारात भाजी विकते आणि सुट्टीच्या दिवशी तोही तिच्याजवळ बसतो, हेही तुम्ही लिहिलंय. त्यातच शिक्षण परिषदेत 'शिक्षकाचं मन मोकळं हवं' असं ऐकून आलात आणि आता प्रश्न पडलाय की मोकळं म्हणजे किती मोकळं? ज्याची त्याची रीत मान्य केली तर शिस्त कशी राहणार, अभ्यासक्रम कसा पुरा होणार, आणि उद्या परीक्षेत मुलाचं नुकसान झालं तर जबाबदार कोण?

मी ३३ वर्षं जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत शिकवलं, आधी डहाणू तालुक्यात आणि मग नाशिक जिल्ह्यात. शेवटची सात वर्षं मुख्याध्यापिका होते. तरी तुमचा वर्ग मी पाहिलेला नाही. त्या मुलाचा स्वभाव कसा आहे, बाकीच्यांपैकी किती जण अजून दोन अंकी वजाबाकीत अडखळतात, तुमच्याकडे एकच इयत्ता आहे की दोन, यावर पुष्कळ काही ठरतं. जिथे उत्तर त्यावर अवलंबून आहे तिथे मी तसं सांगेन.

रीत मान्य करायची की नाही, असं तुम्ही विचारलंय. मला अडचण त्याच्या एक पायरी आधी दिसते. फुली मारण्यापूर्वी 'हे कसं केलंस?' असं त्याला कुणी विचारलं नाही. विचारून, ऐकून घेऊन मग तुम्ही गुण कापले असते तरी त्याला वाईट वाटलं असतं, पण तो असा मिटला असता असं मला वाटत नाही. फुल्या मुलं दोन दिवसांत विसरतात. आपण बरोबर असूनही आपलं कुणी ऐकून घेतलं नाही, हे ती विसरत नाहीत. शिकवण्यातला मनाचा मोकळेपणा मी याला म्हणते: निकाल काही क्षण हातात धरून ठेवायचा, मूल कुठल्या वाटेने तिथवर आलं ते बघायचं, आणि ते बघून आपलं मत बदललं तर बदलू द्यायचं. यात चुकीचं उत्तर बरोबर होत नाही. आपण निकाल देतो तो समजून देतो, एवढंच.

आता त्याची रीत पाहू. मोठ्या घरापासून, म्हणजे इथे दशकापासून, सुरुवात करून डावीकडून उजवीकडे जाणं आणि तूट पडली तर ती तूट म्हणून लक्षात ठेवणं. बाजारात बसणाऱ्या मुलाला हे सुचणं अगदी साहजिक आहे. पैसे मोजताना आधी मोठ्या नोटा मोजतात, सुटे शेवटी. आणि 'पाच रुपये कमी आहेत, पुढच्या बाजारी देते' हे वाक्य त्याने कितीतरी वेळा ऐकलं असेल. त्याने लिहिलेला 'पाच कमी' हा शब्द तिथूनच आलाय असं मला जवळजवळ खात्रीने वाटतं. पुढे सहावीत आपण ऋण संख्या शिकवतो तेव्हा निम्मा वर्ग बुचकळ्यात पडतो. या मुलाने चौथीत त्या कल्पनेला हात घातलाय, आपल्या भाषेत.

हे एकट्या त्याचं नाही. १९८५ साली ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक बनून विचारलेल्या हिशोबांची सुमारे ९८ टक्के उत्तरं त्या मुलांनी बरोबर दिली. तेच हिशोब कागदावर नुसत्या आकड्यांत मांडून दिले, तेव्हा सुमारे ३७ टक्केच बरोबर आले. आपल्याकडे अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर असंच काम केलं, ते २०२५ साली प्रसिद्ध झालं. बाजारातली मुलं व्यवहाराचे अवघड हिशोब तोंडी करत होती आणि शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या साध्या गणितांत अडखळत होती. उलट ज्यांनी फक्त शाळेतलं गणित केलं होतं, ती मुलं व्यवहाराच्या हिशोबात अडखळत होती. मला यातला दुसरा भाग जास्त टोचतो. म्हणजे दोन्हीकडची मुलं अर्धी अर्धी शिकतायत आणि मधला पूल बांधणं हे आपलं काम आहे. तुमच्या वर्गातला हा मुलगा तो पूल स्वतःच बांधू लागला होता.

पण रीत छान आहे म्हणून लगेच मान्य करून टाकायची, असं माझं म्हणणं नाही. वेगळी रीत समोर आली की मी तीन गोष्टी तपासते. ती प्रत्येक वेळी चालते का? का चालते ते मुलाला सांगता येतं का? आणि ती वर्गासमोर मांडली तर इतरांचं भलं होईल की गोंधळ होईल?

पहिली गोष्ट तपासणं सोपं आहे. मोठी संख्या घ्या, ५३४ वजा २७८. पाचशेतून दोनशे गेले, उरले तीनशे. तिसातून सत्तर जात नाहीत, चाळीस कमी, म्हणजे दोनशे साठ. चारातून आठ जात नाहीत, चार कमी, दोनशे छप्पन्न. बरोबर. मग मधे शून्य असलेली घ्या, ४०३ वजा १६८. तीनशे, साठ कमी म्हणजे दोनशे चाळीस, पाच कमी म्हणजे दोनशे पस्तीस. इथे थोडं थांबून बघा. ४०३ मध्ये दशकाच्या घरात शून्य असल्यामुळे दशक सुटा करायचा तर आधी शतक सुटं करावं लागतं, आणि चौथीतली मुलं सर्वांत जास्त चुका इथेच करतात. त्याच्या रीतीला हे शून्य आडवं येतच नाही. एवढ्यापुरती ती आपल्या रीतीपेक्षा सरस आहे. तिची अडचण वेगळी: मधली उत्तरं डोक्यात धरावी लागतात आणि आकडे मोठे झाले की 'कमी' आणि 'उरले' यांची गफलत होऊ शकते.

दुसरी गोष्ट त्याच्याशी बोलूनच कळेल. त्याला काड्यांचे गठ्ठे किंवा खेळण्यातल्या नोटा देऊन 'तुझी रीत यात दाखव' म्हणा. दाखवता आली तर त्याला समजलंय. आली नाही तर पाठ झालेली युक्ती आहे, आणि मग तिच्या मुळाशी जायला तुम्ही त्याला मदत करायची.

तिसऱ्या गोष्टीबद्दल मात्र सावध करते, कारण इथे मी स्वतः फसलेली आहे. 'सगळ्यांना दाखव रे तुझी रीत' म्हणून मुलाला फळ्याशी बोलावणं दिसायला फार सुंदर दिसतं. पण तुमच्या वर्गात नक्की काही मुलं अशी असतील, जी ५२ वजा २७ करताना मोठ्या अंकातून लहान अंक काढतात, म्हणजे सातातून दोन काढून पाच लिहितात आणि उत्तर ३५ आणतात. ही चूक जगभर सगळीकडे होते. अशा मुलाने या मुलाची रीत पाहिली तर त्याला इतकंच दिसतं की 'हाही सात आणि दोनातून पाचच काढतोय, मग माझंच बरोबर'. तो पाच उरलेला नाही, कमी पडलेला आहे, हे त्याला दिसत नाही. म्हणून अशी पाचसहा मुलं असतील तर आधी त्यांच्याकडून गठ्ठ्यांनी वजाबाकी पक्की करून घ्या आणि ही रीत पंधरा दिवसांनी वर्गात आणा. तोवर त्या मुलाशी एकट्याशी तिच्याबद्दल बोला, त्याला वापरू द्या, त्याच्या वहीत तिला गुण द्या.

तुमची शंका अशी की असं ऐकत बसलं तर चुकीचंही खपून जाईल. माझा अनुभव याच्या उलट आहे, आणि तो एका मुलीमुळे आला. नाशिककडच्या शाळेत पाचवीला अपूर्णांकांची बेरीज चालली होती. १/२ अधिक १/३ याचं उत्तर तिने २/५ लिहिलं. वरच्यांची वर बेरीज, खालच्यांची खाली. ही चूक मी शेकडो वेळा पाहिली होती आणि दर वेळी 'छेद समान करून घे' असं सांगून पुढे गेले होते. त्या दिवशी विचारलं. ती म्हणाली, 'बाई, आमच्या टीमने परवा दोन मॅचपैकी एक जिंकली, काल तीनपैकी एक जिंकली. मग पाचपैकी दोन झाल्या ना?'

मी खडू हातात धरून तशीच उभी राहिले, कारण ती म्हणत होती ते खरं होतं. पाचपैकी दोन सामने जिंकले म्हणजे दोनपंचमांशच. तिचा हिशोब चुकला नव्हता, फक्त तो दुसऱ्या गोष्टीचा हिशोब होता. मी म्हटलं, 'मॅचचं तुझं अगदी बरोबर. आता भाकरीचं बघू. अर्धी भाकरी खाल्ली, मग तशाच दुसऱ्या भाकरीचा तिसरा हिस्सा खाल्ला. अर्ध्या भाकरीपेक्षा जास्त खाल्लं की कमी?' सगळा वर्ग म्हणाला, जास्त. मग सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्या घेतल्या. एकीचे दोन भाग केले, एकीचे पाच. दोनपंचमांश पट्टी अर्ध्या पट्टीशेजारी ठेवली तर ती आखूड निघाली. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग तीच मुलगी म्हणाली, 'मॅच दर वेळी वेगळ्या आहेत, भाकरी तेवढीच आहे.'

अपूर्णांकांबद्दल यापेक्षा नेमकं वाक्य मी कुठल्याही प्रशिक्षणात ऐकलेलं नाही. सामन्यांत 'पूर्ण' बदलत जातो, आधी दोन, मग तीन, मग एकत्र पाच. भाकरीत पूर्ण एकच राहतो, म्हणून दोन्ही तुकडे एकाच मापाने मोजावे लागतात, आणि छेद समान करायचा तो यासाठी. त्यानंतर वर्गाला ५/६ उत्तर काढायला दहा मिनिटंही लागली नाहीत, आणि 'छेद समान का करायचा' हे वर्षाच्या शेवटीही त्यांना सांगता येत होतं. चूक खपली नाही, उलट मुळासकट निघाली. आधीच्या शेकडो वेळी मी फक्त वरचा पाला छाटत होते.

यातली एक गोष्ट तुमच्यासारख्या नव्या शिक्षकांना कुणी स्पष्ट सांगत नाही. मोकळ्या मनाने शिकवायला तयारी जास्त लागते. एकच रीत माहीत असलेल्या माणसाला वेगळं काही समोर आलं की भीती वाटते, आणि भीतीपोटी तो फुली मारतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत बऱ्याच फुल्या अशा भीतीच्या होत्या. म्हणून ज्या घटकात मुलं वेगवेगळ्या वाटांनी जातात, तो शिकवायच्या आदल्या संध्याकाळी स्वतः तीनचार रीतींनी सोडवून पाहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. माझ्या आजोबांना सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, म्हणजे सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीनचे पाढे, तोंडपाठ होती. साडेतीन रुपये डझनाने सोळा डझन म्हणजे छप्पन्न, हे ते श्वास घेण्याआधी सांगायचे. तरीही एखादं मूल असं काही करेल की तुम्हाला कळणार नाही. तेव्हा 'मला आत्ता कळलं नाही, घरी बघून उद्या सांगते' असं खुशाल म्हणा, आणि उद्या खरंच सांगा. दुसऱ्या दिवशी बाई आठवणीने आल्या, हे मुलं लक्षात ठेवतात.

आता परीक्षेचं. १९९१च्या सुमाराला मी डहाणूकडे शिष्यवृत्तीच्या मुलांचा जादा तास घेत होते. गटात न बसणारा शब्द ओळखायचा होता: चिमणी, कावळा, कोंबडी, वटवाघूळ. अपेक्षित उत्तर वटवाघूळ, कारण ते पक्षी नाही. एका आदिवासी पाड्यावरच्या मुलीने कोंबडी लिहिलं आणि मी काही न विचारता खोडलं. काही दिवसांनी अंगणात बोलता बोलता ती म्हणाली, 'कोंबडी आपली असते. तिला आपण दाणे टाकतो. बाकीचे आपापलं शोधतात.' पाळीव आणि रानातले, हा भेद तिने स्वतः शोधला होता आणि तो निर्दोष होता. ती मुलगी त्या तासाला पुढे नियमित आली नाही. त्याचं कारण मीच होते की घरची कामं, हे मला कधी कळलं नाही, पण तो प्रसंग माझ्या मनातून गेलेला नाही. आज मी तिला म्हणाले असते, 'तुझं कारण पक्कं आहे. आता प्रश्न काढणाऱ्याच्या मनात कुठला गट असेल, ते शोधू.' स्पर्धा परीक्षेत गुण एकाच पर्यायाला मिळतात, ते मुलापासून लपवून ठेवणं हा त्याच्यावर अन्याय होईल. मात्र 'तुझं चूक' आणि 'तुझं बरोबर, पण इथे वेगळं विचारलंय' ही दोन वाक्यं मुलाच्या मनात दोन वेगळ्या जागी जाऊन बसतात.

तुमच्या चाचणीलाही हेच लावा. प्रश्न नुसता 'वजाबाकी करा' असा असेल तर रीत तपासली जात नाहीये, त्याला पूर्ण गुण द्यायला हवेत. 'दशक सुटा करून वजाबाकी करा' असं लिहिलेलं असेल तर ती रीत येते का हेच पाहायचं आहे, तिथे गुण कापणं योग्य. पुढच्या वेळी प्रश्न लिहितानाच ठरवा की आपल्याला काय तपासायचं आहे. आणि त्या मुलालाही दशक सुटा करायची रीत आली पाहिजे, याबद्दल मी ठाम आहे. पाचवीत त्याला दुसरे शिक्षक असतील, पुस्तकातली मांडणी त्याला वाचता यायला हवी, आणि दशांश अपूर्णांकांत तीच मांडणी पुन्हा येते. त्याची रीत ठेवून त्यात आपली घालायची. त्याची काढून आपली बसवायची नाही.

जबाबदार कोण, असं तुम्ही विचारलंत. कुणी हरकत घेतलीच तर २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ वाचून दाखवा. मूल भीतीपासून आणि दडपणापासून मुक्त असावं आणि त्याला आपलं म्हणणं मोकळेपणाने मांडायला मदत व्हावी, हे त्यात अभ्यासक्रम आणि मूल्यमापनाच्या संदर्भात स्पष्ट लिहिलंय. तुम्ही सवलत मागत नाही आहात, तुमचं काम करताय.

इथवर मुलांच्या रीतींबद्दल बोलले. आपल्या स्वतःच्या मनाबद्दलही बोलायला हवं, कारण ते मुलांपेक्षा उशिरा उघडतं. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यावाचनाची 'वीस एक, वीस दोन' अशी जोडरीत आली आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला, तो तुम्हाला आठवत असेल. गणितज्ञ मंगला नारळीकर गणिताच्या समितीच्या अध्यक्ष होत्या आणि त्यांनी शांतपणे कारणं सांगितली होती. मी तेव्हा विरोधात होते. पिढ्यान्‌पिढ्या 'एकवीस, बावीस' म्हणत आलो, त्यात काय बिघडलं, असं शिक्षकांच्या बैठकीत तावातावाने बोलले. त्याच आठवड्यात आमच्या दुसरीच्या वर्गात श्रुतलेखनाला बसले. 'एकवीस' म्हटलं की तीन मुलांनी १२ लिहिलं, कारण कानावर आधी 'एक' पडतो. 'एकोणतीस'ला त्याहून जास्त मुलांनी ३९ लिहिलं, कारण कानावर 'तीस' पडतं. ही चूक मी तीस वर्षं मुलांच्या माथी मारत होते आणि तिचं कारण शब्दाच्या रचनेत होतं. मग आम्ही दोन्ही बोलायला लागलो: 'वीस नऊ, म्हणजे एकोणतीस'. परंपरेचा शब्द गेला नाही, मुलांची वाट सोपी झाली. माझं मत आजही पूर्ण त्या बाजूला झुकलेलं नाही. जुने शब्द मुलांना यायलाच हवेत, ते आपल्या भाषेचं धन आहे. पण वर्गात जाऊन बघण्याआधी मी मत ठरवून मोकळी झाले होते, ही चूक होती.

भाषेच्या तासाला हे आणखी नाजूक होतं. विहिरीवरचा प्रसंग सांगताना मूल 'पानी' म्हणालं आणि आपण तिथेच 'पाणी म्हण' असं टोकलं, तर ती गोष्ट तिथेच संपते. गोष्ट पुरी होऊ द्या. लिहिताना शुद्ध रूप दाखवा, तेही 'घरी असं म्हणतो, पुस्तकात असं लिहितो' अशा शब्दांत. घरच्या बोलीला चूक म्हटलं की मूल ती चूक आईच्या नावावर मांडतं.

माझी पहिली नेमणूक डहाणू तालुक्यातल्या कोसबादच्या टेकडीपासून फार लांब नव्हती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ साली ते कोसबादला नेलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर पालकांना बोल लावणं सोपं होतं. त्यांनी पाड्यावरच्या अंगणात बालवाडी भरवली, आणि गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा नेली. 'मूल का येत नाही' हा प्रश्न त्यांनी खरोखर उत्तर ऐकायच्या तयारीने विचारला होता, म्हणून त्यांना हे सुचलं. पुढे आपल्याकडे ज्ञानरचनावादाची, म्हणजे मूल आपलं ज्ञान स्वतःच रचतं या विचाराची, लाट आली तेव्हा काही ठिकाणी फार चांगलं काम झालं. पण मी अशाही शाळा पाहिल्या जिथे फरशी रंगवली, साहित्य मांडलं आणि बाईंचा प्रश्न मात्र पूर्वीचाच राहिला: 'बरोबर उत्तर कोण सांगेल?' रंगवलेल्या फरशीने मन मोकळं होत नाही. प्रश्न बदलावा लागतो.

मर्यादा कुठे, हे तुम्ही विचारलंत ते योग्यच आहे. माझ्या वर्गात दोन गोष्टींवर चर्चा नसायची. एक, कुणाची जात, रंग, शरीर, घरची गरिबी यावरून बोलणं. तिथे 'त्याचं मत' वगैरे काही नाही, ते त्याच क्षणी थांबवायचं आणि ज्याला लागलं त्याच्या बाजूला उभं राहायचं. दोन, जे पडताळून पाहता येतं ते हात वर करून ठरत नाही. २६ डिसेंबर २०१९च्या सूर्यग्रहणाला एका मुलीने सांगितलं की ग्रहणात ठेवलेलं अन्न नासतं, आजी म्हणते. मी आजीला खोटं पाडलं नाही आणि मानही डोलावली नाही. 'कसं बघता येईल?' असं विचारलं. मुलांनीच ठरवलं: एक पोळी ग्रहणाच्या वेळी डब्यात ठेवायची आणि एक दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, तेवढाच वेळ. दोन्हींत काही फरक पडला नाही. तो निष्कर्ष मुलांनी वहीत लिहिला आणि ती मुलगी तो आजीला वाचून दाखवायला घेऊन गेली. मोकळेपणा प्रश्नाबद्दल होता. उत्तर पोळीने दिलं.

राहिला वेळेचा प्रश्न. ३४ जणांना रोज 'कसं केलंस' विचारणं शक्य नाही, तसा प्रयत्नही करू नका. मी रोज एका मुलाला पाच मिनिटं द्यायचे, बाकीचे स्वाध्याय करत असताना, त्याच्या शेजारी बसून. तुमच्या वर्गाची एक फेरी साधारण दीड महिन्यात होईल. दोन इयत्ता एकत्र असतील तर तीन महिने धरा. प्रत्येक मुलासाठी वहीचं एक पान ठेवा आणि त्याने वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहा. सर्वंकष मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी आपल्याला तशाही करायच्याच असतात. 'अभ्यासात प्रगती आहे' हे वाक्य ३४ वेळा लिहिण्यापेक्षा 'तूट पडली की पाच कमी असं लिहितो' ही नोंद पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला कितीतरी उपयोगाची आहे.

आणि बरोबर उत्तर आलं तरी हाच प्रश्न विचारा. नाहीतर 'कसं केलंस' म्हणजे 'चुकलंय' असा मुलं अर्थ लावतात आणि बाईंचा चेहरा बघून उत्तर बदलतात. तुमच्या वर्गातही सुरुवातीला तसंच होईल. आवाज सारखा ठेवा, आठदहा दिवसांत ते निवळतं.

त्या मुलासाठी सोमवारी एवढं करा. त्याची उत्तरपत्रिका काढा, त्याच्या शेजारी बसा आणि म्हणा, 'मी तुझी रीत नीट न बघता फुली मारली. मला समजावून सांग.' तो लगेच बोलणार नाही. घाई करू नका, गठ्ठे किंवा नोटा समोर ठेवा आणि वाट बघा. समजलं की गुण द्या. जुनी फुली पांढऱ्या शाईने झाकू नका, तिच्या शेजारीच नवे गुण लिहून सही करा, म्हणजे बाईंनी आपला निकाल बदलला हे त्याला रोज दिसेल. मग त्याला ४००३ वजा १७६८ द्या. तीन घरांत त्याला कमी पडणार आहे, आणि त्या तीन तुटी तो कशा मांडतो ते पाहायची मला फार उत्सुकता आहे. त्याने काय केलं ते नक्की कळवा.